लेवीच्या घरची मेजवानी

१८ जुलै १५७३, शनिवार. व्हेनिस शहरातील इन्क्विझिशनच्या न्यायपीठापुढे पंचेचाळीस वर्षांचा एक चित्रकार जबानी द्यायला उभा होता. त्याचे नाव पाओलो कालियारी. मूळ गाव वेरोना, म्हणून सगळे त्याला व्हेरोनेसे म्हणत. व्यवसाय विचारल्यावर त्याने सांगितले, की तो रंगवतो आणि आकृत्या काढतो. आपल्याला का बोलावले आहे हे ठाऊक आहे का, या प्रश्नाला त्याने नाही म्हटले. अंदाज तरी करता येतो का, असे विचारल्यावर मात्र तो हो म्हणाला. ज्या मठासाठी त्याने चित्र काढले होते, तेथील मठाधिपतीने त्याला निरोप दिला होता, की चित्रातले कुत्रे पुसून त्या जागी मग्दालीया मरीया काढावी, अशी न्यायपीठाची इच्छा आहे. मठाचा आणि चित्राचा मान राखण्यासाठी आपण काहीही केले असते. पण मरीयेची आकृती त्या जागी शोभेल असे आपल्याला वाटत नाही, असे त्याने नम्रपणे सांगितले.

ही जबानी न्यायपीठाच्या कारकुनाने प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहून ठेवली. पुढे सुमारे तीनशे वर्षे ती व्हेनिसच्या दप्तरात पडून होती. १८६७ मध्ये आर्माँ बाशे या फ्रेंच संशोधकाने ती प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून कलास्वातंत्र्याचा विषय निघाला की तिचा दाखला दिला जातो. धर्मसत्तेपुढे ताठ उभा राहिलेला आणि शेवटी केवळ चित्राचे नाव बदलून तिला चकवणारा कलावंत, अशी ती गोष्ट सांगितली जाते. गोष्ट आकर्षक आहे. पण जबानी सावकाश वाचली, तर त्यात ताठ उभा राहिलेला माणूस फारसा दिसत नाही. मग ते चित्र वाचले कसे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

रिकामी भिंत

व्हेनिसमध्ये सांती जोव्हान्नी ए पाओलो हे डॉमिनिकन पंथाचे मोठे चर्च आणि त्याला लागून मठ होता. या मठाच्या भोजनशाळेत टिशियनने काढलेले ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाचे चित्र होते. १५७१ मध्ये आग लागून ते जळाले. त्या जागी नवे चित्र काढण्याचे काम व्हेरोनेसेकडे आले. मठांच्या भोजनशाळांत असा विषय रंगवण्याची इटलीत जुनी प्रथा होती. मठवासी मौन पाळून जेवत, कोणीतरी धर्मग्रंथ वाचून दाखवी, आणि समोरच्या भिंतीवर ख्रिस्त आपल्या शिष्यांसह जेवत असे. लिओनार्दो दा व्हिंचीचे मिलानमधील प्रसिद्ध चित्रही अशाच एका डॉमिनिकन भोजनशाळेच्या भिंतीवर आहे.

व्हेरोनेसे हा असल्या पंगतींचा चित्रकार म्हणून आधीच नावाजलेला होता. १५६२-६३ मध्ये त्याने सान जॉर्जो माज्जोरे बेटावरील बेनेडिक्टाइन मठासाठी ‘काना येथील लग्न’ काढले होते. त्याचे मोल म्हणून त्याला ३२४ डुकाट, जेवणखाण आणि मद्याचे एक पिंप मिळाले. त्यात ख्रिस्त मध्यभागी आहे, पण डोळे आधी जातात ते वादकांकडे, रेशमी वस्त्रांकडे, भांड्यांकडे, वाढप्यांकडे. त्या चित्रावरून कोणी तक्रार केली नव्हती. उलट तसेच आपल्याकडेही असावे, असे इतर मठांना वाटत होते.

डॉमिनिकन मठासाठीचे चित्र सुमारे साडेपाच मीटर उंच आणि जवळजवळ तेरा मीटर रुंद आहे. तीन भव्य कमानी, दोन्ही बाजूंनी उतरणारे जिने, मागे संगमरवरी इमारती आणि आकाश. मधल्या कमानीखाली ख्रिस्त बसला आहे. शेजारी पेत्र वाटण्यासाठी कोकराचे मांस कापतो आहे. एक शिष्य काट्याने दात कोरतो आहे. जिन्यावर एका नोकराच्या नाकातून रक्त येत असून हातात रुमाल आहे. पोपट घेतलेला विदूषक आहे. जर्मन पोशाखातले, लांब दांड्याची परशूसारखी शस्त्रे घेतलेले शिपाई आहेत. त्यांतला एक पितो आहे, एक खातो आहे. आणि समोर, अगदी मधोमध, ते कुत्रे बसले आहे. चित्रावर २० एप्रिल १५७३ ही तारीख आहे. तीन महिन्यांच्या आत बोलावणे आले.

जर्मन शिपायांची भीती

न्यायपीठाचे प्रश्न आज वाचताना हास्यास्पद वाटतात. नाकातून रक्त येणाऱ्या माणसाचा अर्थ काय? विदूषकाच्या हातावर पोपट कशाला? प्रभूच्या अखेरच्या भोजनाला खरोखर कोण कोण हजर होते असे तुला वाटते? पण या प्रश्नांमागे पन्नास वर्षांचा रक्तरंजित इतिहास होता आणि तो लक्षात न घेता त्यांना हसणे अन्यायाचे होईल.

१५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने सुरू केलेल्या वादाने पश्चिम युरोपातील ख्रिस्ती जग दुभंगले होते. या वादात चित्र हे एक मोठे हत्यार होते. विटेनबर्गमध्ये लूकास क्रानाखने १५२१ मध्ये लाकडी ठशांची एक चित्रमालिका केली. तिच्या जोडचित्रांत एकीकडे नम्र ख्रिस्त आणि दुसरीकडे ऐश्वर्यात लोळणारा पोप असे. वाचता न येणाऱ्या माणसालाही ती कळत. दुसरीकडे चर्चमधील मूर्ती आणि चित्रे ही मूर्तिपूजाच आहे, असे मानणारे पंथ उभे राहिले. १५६६ च्या उन्हाळ्यात नेदरलँड्समध्ये लोकांनी चर्चमध्ये घुसून शेकडो मूर्ती, वेद्या आणि रंगीत काचा फोडल्या.

कॅथलिक चर्चला या दोन्हींना उत्तर द्यायचे होते. ट्रेंट येथे १५४५ पासून अधूनमधून भरत आलेल्या धर्मपरिषदेने डिसेंबर १५६३ मधील शेवटच्या बैठकीत ते दिले. चित्रे राहतील, कारण ती अशिक्षितांना शिकवतात. पण त्यांत काहीही खोटे, कामुक, अव्यवस्थित किंवा अस्थानी असता कामा नये, आणि वेगळ्या धर्तीचे कोणतेही चित्र बिशपच्या संमतीशिवाय लावू नये. फोडणाऱ्यांच्या हातून चित्र वाचवायचे, तर ते निष्कलंक असायला हवे, असा हा विचार होता.

म्हणूनच न्यायपीठाने व्हेरोनेसेला तो खोचक प्रश्न विचारला. जर्मनीत आणि पाखंडाची लागण झालेल्या इतर ठिकाणी असल्याच थिल्लर चित्रांतून पवित्र चर्चची टिंगल करतात आणि अडाण्यांना खोटी शिकवण देतात, हे त्याला ठाऊक नाही काय? रिआल्तो पुलाजवळ जर्मन व्यापाऱ्यांची मोठी वखार होती. त्या वखारीतून मालाबरोबर ल्यूथरची पुस्तकेही शहरात येत, असा संशय होता. त्यामुळे प्रभूच्या पवित्र भोजनाजवळ दारू पिणारा जर्मन शिपाई हा न्यायपीठाला निव्वळ सजावटीचा भाग वाटत नव्हता.

आणि न्यायपीठाला घाबरण्यासारखे कारण होते. व्हेनिसमध्ये धर्मद्रोह्यांना चौकात जाळीत नसत. रात्री नावेतून नेऊन समुद्रात बुडवीत. बाल्दो लुपेतिनो या फ्रान्सिस्कन भिक्षूचा १५५६ मध्ये असाच शेवट झाला होता. व्हेरोनेसेवर पाखंडाचा आरोप ठेवलेला नव्हता हे खरे. पण तो कोणत्या खोलीत उभा आहे, हे त्याला पक्के माहीत होते.

कवी, वेडे आणि मायकेलअँजेलो

त्याने बचाव केला तो असा. चित्राची जागा मोठी होती. मठाने त्याला योग्य वाटेल तशी ती सजवायला सांगितली होती. जागा उरली की आपण कल्पनेने आकृत्या भरतो. यजमान श्रीमंत होता असे ऐकले आहे, तेव्हा त्याच्याकडे असे शिपाई असणारच. विदूषक सजावटीसाठी आहे. नाकातून रक्त आले ते काही अपघाताने. आणि या सगळ्या आकृत्या ख्रिस्ताच्या मेजापासून दूर आहेत.

मग त्याने ते प्रसिद्ध विधान केले, की कवी आणि वेडे जी मोकळीक घेतात, तीच चित्रकारही घेतात. कवी आणि चित्रकार यांना एका पंगतीत बसवण्याची कल्पना रोमन कवी होरेसइतकी जुनी होती आणि न्यायपीठावरच्या विद्वानांना ती परिचित असणार. व्हेरोनेसेने तिच्यात वेड्यांची भर घातली. ती विनोदाने घातली, की माझे बोलणे फार मनावर घेऊ नका असे सुचवण्यासाठी, हे कारकुनाच्या लेखणीतून कळत नाही. दरबारी विदूषकाला मोकळीक मिळते, ती त्याला कोणी गंभीरपणे घेत नाही म्हणून. धर्मपीठापुढे उभ्या चित्रकाराने स्वतःला त्याच रांगेत बसवले, तर ते स्वातंत्र्याची घोषणा म्हणून वाचायचे की माफीची विनंती म्हणून, याचा विचार करायला हवा.

त्याचा दुसरा आधार होता मायकेलअँजेलोचा. रोममध्ये, खुद्द पोपच्या प्रार्थनामंदिरात, मायकेलअँजेलोने ख्रिस्त, त्याची आई, योहान, पेत्र आणि सारे स्वर्गीय मंडळ नग्न काढले आहे, असे तो म्हणाला. न्यायपीठाने उत्तर दिले, की अंतिम न्यायाच्या दिवशी कपडे कोठून असणार? तिथे सारे आत्मिक आहे. तिथे विदूषक, कुत्री आणि शस्त्रे नाहीत.

या उत्तरात एक विसंगती आहे. मायकेलअँजेलोचे ‘अंतिम न्याय’ हे भित्तिचित्र १५४१ मध्ये खुले झाले आणि तेव्हापासून त्यातील नग्नतेवर टीका होत होती. ट्रेंट परिषद संपल्यावर काही आठवड्यांतच, जानेवारी १५६४ मध्ये, त्या आकृत्या झाकण्याचा निर्णय रोममध्ये झाला. फेब्रुवारीत मायकेलअँजेलो वारला. दानिएले दा व्होल्तेर्रा या त्याच्याच परिचयाच्या चित्रकाराला ते काम मिळाले आणि लोकांनी त्याचे नाव ‘चड्डीवाला’ ठेवले. म्हणजे ज्या नग्नतेचे व्हेनिसचे न्यायपीठ आत्मिक म्हणून समर्थन करीत होते, ती रोममध्ये आठ वर्षांपूर्वीच कापडाने झाकली गेली होती. विसाव्या शतकाच्या शेवटी त्या भित्तिचित्राची साफसफाई झाली, तेव्हा नंतरच्या काळातली काही आवरणे काढली. पण दानिएलेची मात्र राहू दिली, कारण आता तीही इतिहासाचा भाग झाली आहेत.

व्हेरोनेसेने यानंतर वाद घातला नाही. आपण या गोष्टींचा इतका विचार केला नव्हता, अव्यवस्था करण्याचा हेतू नव्हता, असे तो म्हणाला. न्यायपीठाने निकाल दिला, की त्याने तीन महिन्यांच्या आत स्वतःच्या खर्चाने चित्र दुरुस्त करावे.

तीन अक्षरपंक्ती

कुत्रे आजही तिथेच आहे. विदूषक, पोपट, शिपाई, नाकातून रक्त येणारा नोकर, सगळे आहेत. मग्दालीया मरीया नाही. बदलली ती एकच गोष्ट. जिन्याच्या कठड्यावर लॅटिनमध्ये लिहिले गेले, की लेवीने प्रभूसाठी मोठी मेजवानी केली, आणि त्यापुढे संदर्भ दिला गेला: लूक, अध्याय ५. अखेरचे भोजन आता लेवीच्या घरची मेजवानी झाले.

जबानीत व्हेरोनेसेने या चित्राचे वर्णन करताना अखेरचे भोजन आणि शिमोनाचे घर अशी दोन्ही नावे एकत्र घेतली होती. शिमोनाच्या घरच्या जेवणात एक पापी स्त्री येऊन ख्रिस्ताचे पाय अश्रूंनी धुते, अशी कथा आहे, आणि परंपरेने ती स्त्री म्हणजे मग्दालीया मरीया मानली जाते. कुत्र्याच्या जागी मरीया हवी, या मागणीचा अर्थ त्यावरून लावता येतो. चित्र अखेरच्या भोजनातून काढून शिमोनाच्या मेजवानीत बसवावे, असा तो प्रस्ताव असावा. चित्रकाराने तिसरा पर्याय घेतला. लेवीच्या कथेत मरीयेची गरज नाही.

आणि लेवीची कथा काय आहे? लेवी हा जकातदार. रोमन राजवटीसाठी कर गोळा करणारा, म्हणून समाजात तिरस्कृत. ख्रिस्ताने त्याला बोलावले, तो सगळे सोडून मागे निघाला आणि त्याने आपल्या घरी मोठी मेजवानी दिली. तिला जकातदार आणि नाना तऱ्हेचे लोक आले. ते पाहून धर्माचे जाणकार परूशी कुरकुरले, की असल्या लोकांबरोबर हा कसा जेवतो? ख्रिस्ताने सांगितले, की वैद्याची गरज निरोग्याला नसते, आजाऱ्याला असते.

म्हणजे नाव बदलताच शिपाई आणि विदूषक यांची उपस्थिती सयुक्तिक ठरली. इतकेच नव्हे, तर प्रभूच्या पंगतीला अयोग्य माणसे का बसली, असे विचारणाऱ्यांची जागाही त्या कथेत आधीच ठरलेली होती. हे व्हेरोनेसेने योजून केले, की मठातल्या एखाद्या व्युत्पन्न भिक्षूने सुचवले, यावर कागद बोलत नाहीत. चित्रकार शिकलेला धर्मशास्त्री नव्हता. त्याचे वडील पाथरवट होते.

सत्ता एका हाती नसते तेव्हा

इन्क्विझिशन म्हटले की मराठी वाचकाला गोवा आठवतो, आणि ते स्वाभाविक आहे. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनवर ग्रंथ लिहून तो इतिहास पुढे आणला. पण १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेले न्यायपीठ आणि व्हेनिसचे न्यायपीठ यांत मोठा फरक होता. गोव्यात धर्मपीठ पोर्तुगालच्या राजसत्तेचा हात धरून आले होते. धर्मसत्ता आणि राजसत्ता एकाच दिशेने चालत होत्या. त्यांच्या मध्ये सामान्य माणसाला उभे राहायला जागा नव्हती.

व्हेनिसमध्ये ती जागा होती. तिथे न्यायपीठावर पोपचा वकील, शहराचा पॅट्रिआर्क आणि डॉमिनिकन न्यायाधीश बसत. पण १५४७ पासून प्रजासत्ताकाने नेमलेले तीन गृहस्थ सरदारही हजर राहत. रोमचे अधिकारी आपल्या हद्दीत काय करतात, यावर ते लक्ष ठेवत. व्हेनिसचे राज्य कट्टर कॅथलिक होते, पण आपल्या घरात पोपने हुकूम चालवावा, हे त्याला मान्य नव्हते. १५७३ साल तर विशेष नाजूक होते. १५७१ मध्ये लेपांतोच्या आरमारी युद्धात पोप आणि स्पेन यांच्याबरोबर व्हेनिसने तुर्कांचा पराभव केला होता. पण मार्च १५७३ मध्ये व्हेनिसने तुर्कांशी स्वतंत्र तह करून सायप्रसवरचा हक्क सोडला, आणि पोप तेरावा ग्रेगरी संतापला. व्हेरोनेसेची जबानी झाली ती यानंतर चार महिन्यांनी. पुढे १६०६ मध्ये हा ताण इतका वाढला, की पोपने सबंध प्रजासत्ताकावर धार्मिक बहिष्कार घातला.

शिवाय मठाचे स्वतःचे हित होते. मठाधिपतीला नव्या भिंतीवरचे नवेकोरे चित्र खरवडून घ्यायचे नव्हते. न्यायाधीश त्याच्याच पंथाचा होता. नाव बदलल्याने न्यायपीठाची आज्ञा पाळल्यासारखे झाले, मठाला चित्र मिळाले, राज्याला आपल्या आवडत्या चित्रकारावरची नामुष्की टळली. पुढे कारवाई झाल्याचे कागदोपत्री दिसत नाही.

१८६७ मध्ये जबानी प्रसिद्ध झाली, तेव्हा पॅरिसमध्ये चित्रकार सरकारी प्रदर्शनाच्या निवडसमितीशी भांडत होते; नाकारलेल्या चित्रांचे गाजलेले प्रदर्शन १८६३ मध्येच भरले होते. त्या पिढीला व्हेरोनेसे आपला पूर्वज वाटला आणि तिने त्याच्या जबानीत आपलीच लढाई वाचली. पण व्हेरोनेसेला प्रजासत्ताकाशी भांडायचे नव्हते. तो तिचाच नोकर होता. डोजेच्या राजवाड्यात १५७७ च्या आगीनंतर त्याने महासभेच्या दालनाच्या छतावर व्हेनिस नगरीचे गौरवचित्र काढले आणि लेपांतोच्या विजयाचे चित्रही. एका सत्तेपासून त्याला वाचवले, ते दुसऱ्या सत्तेच्या गरजेने.

त्या गरजेलाही मर्यादा होती. त्याच्याच हातची शिमोनाच्या घरची एक मेजवानी व्हेनिसने १६६४ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईला भेट म्हणून दिली. ती आज व्हर्सायला आहे. १७९७ मध्ये नेपोलियनच्या फौजेने प्रजासत्ताक बुडवले, तेव्हा ‘काना येथील लग्न’ आणि ‘लेवीच्या घरची मेजवानी’ ही दोन्ही चित्रे पॅरिसला गेली. नेपोलियनच्या पराभवानंतर ‘लेवी’ १८१५ मध्ये परत आले आणि आता व्हेनिसच्या अकादमी संग्रहालयात आहे. ‘काना’ लूव्ह्रमध्येच राहिले. त्याच्या बदल्यात व्हेनिसला एक फ्रेंच चित्र मिळाले.

व्हेरोनेसे १५८८ मध्ये वारला. त्याच्या शेवटच्या वर्षांतली धर्मचित्रे गडद आणि शांत आहेत. १५८७ मध्ये त्याने सान पांतालोन या चर्चसाठी काढलेल्या चित्रात आजारी मुलाला बरे करणारा संत आहे आणि भोवती अंधार आहे. हे वयाने झाले, काळ बदलल्याने झाले, की त्या शनिवारच्या आठवणीने, याचा हिशोब कोणी मांडू शकत नाही. मात्र १५७३ च्या जबानीकडे विजयाची कथा म्हणून पाहताना हे गडद रंगही समोर ठेवायला हवेत. कुत्रे वाचले ते चित्रकाराच्या धैर्यापेक्षा त्या शहरातल्या सत्तांच्या आपसातल्या ओढाताणीमुळे, आणि अशी ओढाताण नसलेल्या शहरांत त्याच काळात कोणती चित्रे रंगवलीच गेली नाहीत, त्यांची जबानी कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.